विमानतळावरचं हळदीकुंकू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॅन्टीनच्या बाकड्यातले ढेकूण मारणं. मी बाकडं उन्हात ओढलं, बायकोनं फटीफटीत उकळतं पाणी ओतलं. म्हणाली, "तिकीट काढून आलेल्याला ढेकूण चावला तर तो परत यील व्हय?"

मी म्हणालो, "तुझं हाय का ते विमान?"

"मग कुणाचं हाय?"

खोटं नव्हतं ते. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सोलापूरच्या विमानतळावर मुंबईचं एक लहान विमान येऊ लागलं. तिथलं चहाचं कॅन्टीन आमच्याकडं, राहायची खोली त्याच्याच मागं. विमान होतं तर आम्ही होतो. पण खुर्च्या रिकाम्या जायच्या. विमानतळाच्या साहेबांनी पेपरात जाहिरात दिली, पेठेत बोर्ड लावला. लोक यायचे, कुंपणाबाहेर शेंगा खात विमान बघायचे, आणि मुंबईला रेल्वेनं जायचे. एक दिवस साहेब चहा पिता पिता बोलले, "असंच चाललं तर कंपनी हे विमान दुसरीकडं नेणार."

बायको म्हणाली, "साहेब, व्यापारी यायला तयार हाईत, त्यांच्या बायका सोडत न्हाईत. भ्यात्यात. त्यास्नी बोलवा की."

"कशाला?"

"हळदीकुंकवाला."

साहेब लई हसले. पण संक्रांत नुकतीच झालेली, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच. ते हो म्हणाले. बायको पेठेत घरोघर जाऊन सांगून आली.

टांगे भरून बायका आल्या. विमानात बसून बघायची परवानगी साहेबांनी काढली होती. तर सगळ्यांनी चपला शिडीपाशी काढल्या, देवळात जावं तशा. एकीनं विमानाच्या पंख्याला हळदीकुंकू लावलं, तसा पायलट ओरडला, "अहो बाई, पंख्याला हात नको!"

बायको त्याला म्हणाली, "दादा, नव्या मोटारीला लावत्यात की. वरडू नगा, पळून जातील त्या."

तिनं त्यालाही तिळगूळ दिला.

एक म्हातारी शेठाणी खुर्चीचे दांडे आवळून, डोळे मिटून बसली होती. जरा वेळानं डोळे उघडून म्हणाली, "हे हलत नाही की."

"उभं हाय म्हणून," बायको म्हणाली. "पण उडल्यावर बी यष्टीएवढं हलत न्हाय."

"तुम्ही बसलाय?"

"कुटलं? पण उतरणाऱ्यांची तोंडं रोज बघते. यष्टीतनं उतरल्याली तोंडं बी बघितल्यात मी."

विमानभर हसू झालं.

त्यानंतर नवरे येऊ लागले. बायका पोचवायला यायच्या आणि विमान दिसेनासं होईपर्यंत माझ्या बायकोला धरून उभ्या राहायच्या. तिच्यावर भरवसा होता त्यांचा, विमानावर न्हाय. तरी कंपनीनं अजून पक्कं काही सांगितलं नव्हतं.

ढेकूण मारले त्या संध्याकाळीच तिला ताप भरला. दवाखान्यात नेलं, पण हाताला लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माती दिली. आमच्यात सुतक पाळत नाहीत, तरी मेव्हणा म्हणाला, "दाजी, चार दिवस बंद ठेवा." साहेबही तेच म्हणाले. पण सकाळी विमान होतं. कॅन्टीनला कुलूप बघितलं की बायका अपशकुन धरणार आणि नवऱ्यांना माघारी नेणार. मग तिनं एवढं केलं ते कशाला?

सकाळी उठून मी स्टोव्ह पेटवला. म्हातारी शेठाणी आली ती शेठजींना घेऊनच. म्हणाली, "त्या कुठायत?"

"गेली," मी म्हणालो. "काल माती दिली."

तिनं शेठजींची बाही धरली.

"तापानं गेली, बाई. विमानाचा काय संबंध न्हाय. ती असती तर तुमच्या मालकांना तिनंच चढवलं असतं."

शेठाणी रडली. पण बाही काही सोडली नाही. मी वाट बघत उभा राहिलो. शेवटी तिनं डोळे पुसले, त्यात हात सुटला. मी शेठजींची बॅग उचलली आणि त्यांच्या पुढं शिडीकडं चालू लागलो.