कापलेली सात मिनिटं

सरकारी वाहिनीसाठी बीड जिल्ह्यातलं चित्रीकरण मी बरीच वर्षं करतोय. दुष्काळ, मंत्र्यांचे दौरे, नारायणगडावरची भाविकांची गर्दी, असलंच बहुतेक. त्यामुळे मुख्य केंद्रातल्या निर्मात्या बाईंचा फोन आला तेव्हा मला खरंच आनंद झाला. एकेका शहरावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा होता. तिथली कला, तिथलं खाणं आणि समाजासाठी झटणारी माणसं. बीडचा भाग माझ्याकडे आला होता. आमचं शहर टीव्हीवर दिसतं ते काही वाईट घडलं की. एकदा तरी चांगलं दिसेल, असं वाटलं.

माणसं निवडायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी आपा आठवल्या. आपा साठीच्या. नवऱ्याचा बसस्थानकाबाहेर सीताफळांचा, पपयांचा गाडा. स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. पण कुठे लहान पोरीचं लग्न ठरल्याचं कळलं की बुरखा चढवून एसटीनं थेट त्या गावी. मग पोरगी मोहल्ल्यातली असो की तांड्यावरची. बापाला समजावायच्या, भांडायच्या, नाहीच ऐकलं तर पोलिसांना घेऊन यायच्या. एका लग्नघरात कुणीतरी दगड मारला होता, त्याचा व्रण कपाळावर होता.

त्यांच्या घरी मी दोन तास कॅमेरा लावला. आपा हसत हसत एकेक किस्सा सांगत होत्या. मांडवातून उठवलेली एक पोरगी आता नर्स झाली होती, ते सांगताना तर त्यांनी टाळी मागितली. मग आवाज उतरला.

‘‘एक पोरगी ऱ्हायली, बेटा. तेलगावच्या बाजूची. चौदा वर्षाची. तिच्या मायनंच चोरून फोन केलता, की आपा, या, हे लगीन थांबवा. मी निघालते. पण त्यांनी मांडव दुसऱ्याच गावात घातला. मला समजलं अन् मी पोचले तवर अक्षता पडल्या होत्या. पहिल्या बाळंतपणात गेली पोरगी.’’

सात मिनिटं त्या फक्त तिच्याबद्दल बोलल्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘बाकीचं न्हाई दाखवलं तरी चालंल. हे दाखव. गावात सांगतेत, पोरगी आजारी होती म्हणून गेली. सरकारी टीव्हीवर आलं तर खरं काय ते समद्यांना कळंल.’’

मी ‘हो’ म्हणालो. विचार न करता म्हणालो.

जोडलेलं चित्रीकरण पाठवल्यावर बाईंचा फोन आला. ‘‘छान आहे हो. फक्त ते मृत्यूचं काढा. शहराचं कौतुक करणारा कार्यक्रम आहे आपला. तिथे जरा आणखी उत्सवी काहीतरी टाका.’’

मी वाद घातला नाही. पुढची कामं मिळायला हवी होती, हे एक. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, की बाईंचं बरोबर आहे, शेवट फार जड होतोय. ती सात मिनिटं मी माझ्याच हातानं कापली आणि तिथे सीताफळांच्या बाजाराची दृश्यं आणि ढोलपथक घातलं. आपांना कळवायचं रोज ठरवत होतो. कळवलं नाही.

रविवारी सकाळी कार्यक्रम टीव्हीवर लागणार होता. आपांच्या खोलीत वीस-पंचवीस बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मला खुर्ची दिली, चहा दिला. कोपऱ्यात एक बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. आपा माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘‘तीच हाय, त्या पोरीची माय. पहिल्या एसटीनं आलीय. घरी सांगितलं, दवाखान्यात चाललेय.’’

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

कार्यक्रम सुरू झाला. आपा दिसल्या तशा बायका ओरडल्या, कुणी शिट्टीही मारली. नर्स झालेल्या पोरीचा किस्सा आला. मग बाजार आला, ढोल आला, पाहुण्यांचे आभार आले आणि संपलं. बायका आपांचं अभिनंदन करायला लागल्या. आपा माझ्याकडे बघत होत्या. मी नजर खाली घातली.

कोपऱ्यातली बाई उठून टीव्हीजवळ आली. तिथे बातम्या लागल्या होत्या. तिनं मला विचारलं, ‘‘भाऊ, माझी लेक आणिक पुढं हाय का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘वेळ कमी पडला.’’

तेही खोटंच होतं.

तिनं पिशवी उचलली आणि गेली. आपा तिच्या मागे बसस्थानकापर्यंत गेल्या.

मी घरी येऊन मूळ चित्रीकरण शोधलं. कॅमेऱ्यातलं कार्ड कार्यक्रम जोडून झाल्यावर पुढच्याच आठवड्यात एका नेत्याच्या सभेसाठी पुसून वापरलं होतं, मीच. केंद्राकडे फक्त शेवटची, कापलेली प्रत होती; आधीची त्यांनीही पुसली होती आणि मीही.

महिन्याभरानं मी कॅमेरा घेऊन त्या पोरीच्या आईच्या गावी गेलो. म्हटलं, तिचंच बोलणं घेऊ, निर्मात्या बाईंशी भांडू, कुठेतरी दाखवू. ती शेतात कापूस वेचत होती. मी सगळं खरं सांगितलं, कापलं कुणी तेही. तिनं ऐकून घेतलं, हात मात्र थांबले नाहीत.

‘‘आता कावून?’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिवशी आलते ते मालकाला कळलं. लई झालं घरात. तुमी जावा भाऊ, कुणी बघंल.’’

मी बांधावरून परत फिरलो.

आपा अजून गावोगाव जातात. रस्त्यात भेटल्या की सलाम घेतात, घरच्यांची चौकशी करतात. गेल्या वर्षी एका मोठ्या वाहिनीचे लोक त्यांच्याकडे आले होते. आपांनी त्यांना चहा पाजला आणि कॅमेरा बाहेर ठेवायला सांगितला.

त्या कार्यक्रमासाठी केंद्राकडून मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते पाकिटातून मी अजून काढलेलं नाही.