कादर सरांना येणारे शब्द

औषधांना एक्सपायरी असते, किश्श्यांना नसते. माझं उस्मानपुऱ्यात मेडिकल आहे. काउंटरच्या आत गोळ्या साठतात आणि बाहेरच्या बाकावर किस्से. आता हे पुढचे किस्से ऐकून हसायचं की गप्प बसायचं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

बाकावर आम्ही चौघं. कादर सर, सोयगावच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून रिटायर झालेले. नलूताई, टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर. बाबुराव गाडेकर, रोज फुलंब्रीहून बसनं येऊन माझ्या शेजारी झेरॉक्सचं दुकान चालवणारे. आणि मी, संतोष.

सकाळी नऊला सर माझ्या दुकानाबाहेरच्या पांढऱ्या बोर्डवर गूढ कोड्याची एक ओळ लिहायचे. ओळीच्या एका टोकाला सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा खेळ. दोन्हींचं उत्तर एकच शब्द. ज्याला सुटलं नाही, त्यानं चहा आणायचा!

*

एकदा सरांनी लिहिलं, ‘दवा उलटली की भांडण.’

बाबुरावांनी उभ्या उभ्या फोडलं. “दवा उलटी वाचा. वा, द. वाद! म्हंजे भांडण!”

“सर, मेडिकलवर लिहायला हेच सापडलं का?” मी म्हटलं.

साडेअकराला एक गिऱ्हाईक तावातावानं आलं. “काल दिलेली दवा उलटली! पोरानं सगळी ओकून टाकली!” मी म्हणे औषध चांगलं होतं, तो म्हणे नव्हतं. अर्धा तास नुसता कल्ला! बाबुराव आपल्या दुकानातून बोर्डाकडं बोट दाखवत पोट धरून हसत होते.

गिऱ्हाईकानं वळून बोर्ड वाचला आणि एकदम थंड पडलं.

“अगोदरच लिहून ठेवलंय व्हय?”

*

दुसरं कोडं, ‘फरसाणातली आधी, मग गाणं म्हण, शेंगा लागतील.’

बाबुराव अडकले. नलूताई म्हणाल्या, “आधी शेव. मग गा. शेवगा!”

“आयला! आमच्या दारातच हाय की झाड!” म्हणत बाबुराव चहाला उठले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून बायको बोलत होती. बाबुराव ऐकत राहिले. नुसतं “व्हय... व्हय...”

फोन ठेवून म्हणाले, “शेवगा पडला. वारा नाय, पाणी नाय. उभं झाड आडवं झालं.”

“कुणाला लागलं?”

“खाली बापाची बाज होती. लाकडं मोडली बाजेची. बाप नुकताच चहाला उठून आत गेलता.”

मग बाबुरावांनी सरांसमोर हात जोडले.

“सर, उद्या ‘घर’ तेवढं लिहू नका!”

*

पावसाळा संपता संपता सरांनी लिहिलं, ‘हिंदीत बोलला, पण उलटं, लांबून ऐकू येते.’

मी आणि बाबुराव डोकं खाजवत होतो. नलूताईंनी बोर्डाकडं धड बघितलंसुद्धा नाही. “बोलला म्हणजे कहा. उलटं केलं की हाक.”

“ताई, लई फास्ट!”

“फास्ट कसली. मला सकाळीच आली.”

सकाळी त्या जिना झाडत होत्या. खालून कुणीतरी “नले!” म्हटलं. त्यांना नले म्हणणारा एकच माणूस, त्यांचा थोरला भाऊ. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. त्या झाडू टाकून खाली धावल्या. खाली कुणी नाही.

“गल्लीतलं कुणीतरी असेल, ताई,” मी म्हटलं.

नलूताईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं नवशिक्या ऑपरेटरकडं बघत असतील.

“संतोष, माझी सगळी नोकरी आवाज ऐकण्यात गेली. जवळचा कुठला आणि लांबचा कुठला, मला कळतं. हा ट्रंक कॉल होता.”

*

त्या दिवशी मी सरांना सरळ विचारलं, “हे शब्द तुम्ही काढता कुठून?”

“मी काढतच नाही. पहाटेची नमाज झाली की फिरायला जातो. चालताना शब्द येतो. मी त्याला फक्त कपडे घालतो.”

हे स्वतःच्याच तोंडून ऐकून सर दचकले असावेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच लिहिलं नाही.

बाबुराव म्हणाले, “द्या, मी लिहितो!” आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘शिऱ्याचा रवा उलटा केला, जखम झाली.’

सरांचा चेहरा उतरला. “रवा उलटा, म्हणजे वार? गाडेकर, काहीतरी नरम लिहा की!” उठून त्यांनी सदऱ्याच्या बाहीनंच बोर्ड पुसला.

बाबुराव हसत कागद कापायला आत गेले. दोन मिनिटांत बाहेर आले ते अंगठा रुमालात धरून. रुमाल लाल झालेला.

“पुसायला उशीर झाला, सर.”

*

सर यायचेच बंद झाले.

आठवडाभरानं मी आणि नलूताई त्यांच्या घरी गेलो. सर दाढी वाढवून बसले होते. “आयुष्यभर पोरांना सांगितलं, शब्दाला घाबरायचं नाही, बिनधास्त लिहायचं. आता मार्कर धरायला मीच घाबरतो. उद्या तुमच्यापैकी कुणाचं काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?”

“आणि तुम्ही घरात बसलात तर आम्ही सकाळी नऊला काय भिंत वाचायची?” नलूताईंचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. “एखादा गरीब शब्द घ्या. कुणाला न लागणारा.”

सर रविवारी आले. बाबुराव सुट्टी असून फुलंब्रीहून खास आले. सरांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, ‘सूर लागला, संत आला, उन्हात पडते.’

“सूर म्हंजे सा,” बाबुराव म्हणाले. “संत म्हंजे वली. सावली! ही काय करणार कुणाचं!”

सगळे मोकळं हसले. किती दिवसांनी! मला सुटलं नव्हतं, म्हणून मी रस्ता ओलांडून चहा आणायला गेलो.

चार कप घेऊन परत वळलो. ऊन माझ्या पाठीवर होतं, त्यांच्या तोंडावर. बाकामागं बाबुरावांच्या दुकानाचं बंद शटर. बाकावर तिघं बसलेले. शटरवर सावल्या चार.

चौथी माझीच पडली असेल, म्हणून मी दोन पावलं बाजूला सरकलो. माझी सावली माझ्याबरोबर रस्त्यावरून सरकली. ती चौथी तिथंच राहिली. बाकाच्या टोकाशी, बसायला जागा मिळाली नाही म्हणून ताटकळल्यासारखी.

नलूताईंनी माझी नजर बघितली, मागं वळल्या आणि पदर तोंडाला लावला. बाबुरावांनीही बघितलं. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

सर मात्र मागं वळले नाहीत.

“कुठल्या बाजूला?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमच्या उजव्या हाताला,” नलूताई म्हणाल्या.

सर डावीकडं थोडे सरकले. खिशातून रुमाल काढून त्यांनी बाकाची रिकामी जागा पुसली.

“या,” ते म्हणाले. “बसा.”