कोंबडा कोण धरणार?

वेलालुन गावात आगापितोचा आवाज सगळ्यांत मोठा आणि तोरा त्याहून मोठा. गावाचा लिया-नाइन तो, म्हणजे शब्दांचा धनी. लग्न असो, मयत असो, नव्या घराचा खांब रोवायचा असो, पूर्वजांशी बोलायचं ते यानंच. रविवारी चर्चमध्ये पाद्र्याची प्रार्थना लांबली की हा मागच्या बाकावरून खाकरायचा, आणि पाद्री बिचारा आवरतं घ्यायचा.

असा माणूस सरकारच्या नजरेतून सुटतोय होय!

झालं असं, की तिमोरच्या दक्षिणेला समुद्राच्या पोटात गॅस आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भांडण एवढंच, की पाइप न्यायचा कुठं. परदेशी कंपनीवाले म्हणायचे, ऑस्ट्रेलियाला नेला तर स्वस्त पडेल. आपलं सरकार म्हणायचं, प्राण गेला तरी पाइप आमच्याच किनाऱ्याला. आगापितोचंही तेच मत. एवढं रक्त सांडून देश मिळवला, तो काय आपला गॅस दुसऱ्याच्या चुलीत जाळायला? बरोबरच बोलत होता. पण पाइपाचा पत्ता नाही आणि तयारी कसली म्हणाल, तर मुलगी पाहिली नाही अन् मांडव उभा!

पहिला मंत्री आला तो बंदराची कोनशिला घेऊन. कोनशिला बसली, बंदर काही बसलं नाही. दुसरा आला रस्त्याची घेऊन. रस्ता मात्र खरोखर झाला, खोटं कशाला बोला. चार मालट्रक शेजारी शेजारी धावतील एवढा रुंद. मालट्रक नाहीत म्हणून बायका त्यावर मका वाळवतात आणि उरलेल्या जागेत म्हशी बसतात. तिसरा मंत्री आला तो तेल शुद्ध करायच्या कारखान्याची कोनशिला घेऊन. तिच्यावर हल्ली शेळ्या चढतात.

दर वेळी समारंभाला आगापितो हवाच, कारण पूर्वजांना विचारल्याशिवाय इथं जमिनीत कुदळ घालायची कुणाची छाती नाही. रीत साधी. ज्याला मागायचंय त्यानं कोंबडा हातात धरायचा आणि आपल्या तोंडानं शब्द द्यायचा. मग कोंबडा कापून त्याच्या आतड्यांत पूर्वजांचा कौल बघायचा. ज्याच्या हातात कोंबडा, त्याच्या माथी शब्द. मोडला, तर पूर्वज त्याच्याच घरातून वसूल करतात.

पण मंत्र्यांचे सदरे पडले पांढरेशुभ्र! गावचा प्रमुख सिरिलो दर वेळी आगापितोच्या कानाला लागायचा, “काका, साहेबांवर रक्ताचे शिंतोडे उडतील हो. तुम्हीच धरा ना त्यांच्या वतीनं.” काकांना फोटोत यायची हौस दांडगी, शिवाय शिजलेल्या डुकराचं डोकं मानाचं म्हणून यांनाच. धरायचे कोंबडा, आणि सरकारच्या वतीनं असे शब्द द्यायचे, असे द्यायचे, की मंत्र्यालाही क्षणभर खरं वाटावं.

आगापितोचा मुलगा फ्लोरिंडो. सरकारनं त्याला वेल्डिंग शिकवलं, त्या कारखान्यासाठी. पोरगा हुशार, पहिला आला. पण वेल्डिंग करायचं कशाला? कोंबड्यांच्या खुराड्याला? शेवटी मोटारसायकलवरून माणसं ने-आण करायला लागला. एका संध्याकाळी त्या भल्यामोठ्या रस्त्यावर तो एकटा आणि वाटेत बसलेली एक म्हैस, अशी गाठ पडली. पोरगा जागीच गेला.

गाव तोंडावर काही बोललं नाही. बोलली ती मुलगी, इर्मेलिंडा. भावाला किनाऱ्यावरच्या माडांत पुरलं आणि तिथंच बापाला विचारलं, “कोंबडा कुणी धरला होता?” त्यानंतर ती बापाला जेवण वाढायची, पण हाक मारायची नाही.

आणि या वर्षी चौथा मंत्री निघाला. गॅसचा कारखाना आता नक्की होणार म्हणे, आणि त्याला जागा हवी नेमकी ती माडांची. थडगी हलवायची, फ्लोरिंडोचंही. सिरिलो सांगायला आला तो दारातच उभा राहून, चपला न काढता.

“काका, पूर्वजांना एकदा विचारून द्या. थडगी नवीन जागी सरकार बांधून देणार, वर फरशीसुद्धा.”

“आणि कारखाना?”

“तोही देणार की!”

“येऊ देत,” आगापितो म्हणाला. “विचारू.”

आले. मांडव, कर्णे, झेंडे हलवणारी शाळेची पोरं, सकाळपासून शिजणारं डुक्कर. मंत्र्याच्या खांद्यावर हातमागाचं ताइस, म्हणजे मानाचं उपरणं, घातलं. त्यानं भाषण ठोकलं, नोकऱ्या, दवाखाना, चोवीस तास वीज, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांना टाळ्यांची सवयच लागलीय, त्याला कोण काय करणार!

मग आगापितो लाल कोंबडा घेऊन पुढं आला आणि त्यानं तो सरळ मंत्र्यापुढं धरला.

“घ्या. मागणारा तुम्ही. धरा आणि बोला.”

मंत्री हसला. सगळे हसले. आगापितो हसला नाही.

मंत्री सचिवाकडे वळला, “तुम्ही धरा, तुम्ही खात्याचे जुने.” सचिव म्हणाला, “मी तर पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय.” त्यानं संचालकाला पुढं ढकललं. संचालक म्हणाला, “माझ्याकडे फक्त अभ्यास-अहवालाचं काम आहे, हे इंजिनिअरांचं.” इंजिनिअर म्हणाला, “मला पिसांनी खाज सुटते.” सिरिलोकडे बघावं तर तो डुक्कर शिजलं का बघायला गेलेला. पार ड्रायव्हरपर्यंत आलं सरकार. ड्रायव्हर सरळ माणूस. तो म्हणाला, “मी धरतो, पण शब्द एवढाच देईन, की साहेबांना उजेडात राजधानीला, दिली शहरात पोचवीन.”

पोरं खिदळली. मंत्र्यानं आगापितोला हाताला धरून माडांच्या सावलीत नेलं. शिकलेला लिस्बनला, पण नाळ पुरलेली इथल्याच डोंगरात. कपाळावर घाम डवरला होता.

“आजोबा, चारचौघांत कशाला शोभा करता? मी संसदेत शब्द दिलाय. टीव्हीवर दिलाय.”

“मग इथं द्यायला काय जड जातंय?”

“अहो, उद्या सरकार पडलं तर? कंपनी नाही म्हणाली तर? ते काय माझ्या हातात आहे? मला लहान लेकरं आहेत, आजोबा!”

“मलाही एक होतं,” आगापितो म्हणाला. “तुम्ही त्याच्याच उशाशी उभे आहात.”

मंत्र्यानं खाली पाहिलं. पायाशी सिमेंटचा क्रूस होता, त्यावर फ्लोरिंडोचं नाव. त्यानं दोन्ही बूट हळूच मागं घेतले. मग खांद्यावरचं ताइस काढून घडी घातली, क्रूसापाशी ठेवली, आणि गाडीत जाऊन बसला. कोनशिला टेम्पोतून उतरलीच नाही, आली तशी गेली.

मग सिरिलोच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! “वाटोळं केलंत, काका! गावाच्या तोंडचा घास घालवलात. आता सरकार ढुंकून बघेल का इकडे?” दोन-चार जणांनी माना डोलावल्या. नोकरीची आस लागलेली माणसं ती, त्यांना तरी काय बोल लावायचा? डुक्कर मात्र सगळ्यांनी खाल्लं. मानाचं डोकं सिरिलोच घेऊन गेला.

आगापितो थडग्यापाशी बसून राहिला. आपण पोराला राखलं की गावाला बुडवलं, हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. कोंबडा अजून काखेत होता.

इर्मेलिंडा माडांतून आली. वाकून तिनं त्याच्या काखेतून कोंबडा सोडवून घेतला.

“द्या तो इकडं, बाबा,” ती म्हणाली. “मी धरते.”