सुलक्षणा निजली आहे

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुठलीही बातमी आधी चंपाबाईंना कळते आणि मग मला. चंपाबाईंची बातमी बहुतेक वेळा चुकीची असते, त्यामुळे ती दुरुस्त करून पुढे पाठवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

तर गेल्या वर्षी चंपाबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं, "तेंडोलकरांची सुलक्षणा पहाटे हेल्मेट घालून सायकलवरून जाते. पार्सलं वाटते वाटतं. मार्तंडची नोकरी गेली असणार." पुढच्या आठवड्यात ती कुणा तरण्याताठ्या कोचबरोबर हायवेला दिसली, आणि पार्सलांचा विषय थेट घटस्फोटापर्यंत गेला. तिचा नवरा मार्तंड बिचारा रोज सकाळी डबा घेऊन नोकरीला जात होता, पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

मी सरळ लिफ्टमध्ये विचारलं.

"ट्रायथलॉन करतेय, काका," सुलक्षणा म्हणाली. "आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. एकामागून एक."

"आणि मध्ये?"

"मध्ये बूट घालायचे."

"शेहेचाळिसाव्या वर्षी हे कशाला गं?"

ती लिफ्टच्या भिंतीला टेकली होती. डोळ्यांखाली काळं, हातात भाजीची पिशवी, खांद्यावर सँपलांची पेटी. म्हणाली, "दमते तर रोजच. एकदा स्वतःच्या कामानं दमून बघते."

आता ही दमते कशानं, ते सांगायला हवं. घाटकोपरच्या एका लॅबसाठी ती सकाळी घरोघर जाऊन रक्त काढते. हात इतका हलका की सुई गेली कधी ते कळत नाही, आणि आमच्या बिल्डिंगला तेवढं कारण पुरलं. कुणाची शुगर, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या बाळाचा ताप. दारावर टकटक आणि "सुलक्षणा, जरा येतेस का गं?" तिच्या उभ्या आयुष्यात या 'जरा'नं ठाण मांडलं होतं. ती ताटावरून उठून यायची. नाही म्हणणं तिला येतच नव्हतं. बीपीचं मशीन माझ्याही ड्रॉवरमध्ये आहे, पण तिनं घेतलं की कमी येतं, म्हणून मीही तिलाच बोलवायचो. एकदा माझ्या दंडाला पट्टा बांधून उभी असताना तिचे डोळे मिटले.

"झोप लागली की काय?"

"नाही काका, ठोके ऐकत होते," म्हणाली. पट्ट्यात हवा भरायची राहिली होती.

घरात सासूबाई सुगंधाबाई. त्यांचा नवरा गिरणीत होता तेव्हा लालबागला, गिरणी गेली तेव्हा मुलुंडला, पण जीभ मात्र मालवणची, कधी न हललेली. पहाटे सून दार उघडायला लागली की आतून आवाज यायचा, "खंय चललंस गो? चाय कोण करतला?" की ही परत आत. चहा करून, गाळून, कपावर बशी ठेवून मग सायकल. सुलक्षणा गावच्या खाडीत वाढलेली, पोहण्याचं तिला भय नव्हतं. भय वेगळंच होतं, ते तिच्या कोचनं ओळखलं होतं. सरावात कुणाची चेन पडली, कुणाचा पाय धरला, की ही ब्रेक मारायची. तो म्हणाला, "मॅडम, शर्यतीत असं थांबलात तर वेळेत पोचणार नाही. आणि वेळेत नाही पोचलात तर नाव धरत नाहीत."

ती शर्यतीत उतरणार हे कळल्यावर सोसायटीला एकदम अभिमान वाटू लागला. सेक्रेटरी धोंडिराम यांनी फ्लेक्स छापून घेतला, तोही शर्यतीच्या आधीच. वर 'विजेत्या सुलक्षणाताईंचे हार्दिक अभिनंदन', खाली कोपऱ्यात तिकिटाएवढी सुलक्षणा आणि मधोमध गॉगल लावलेले धोंडिराम. तो गेटवर लागला तेव्हा ती कामावरून येत होती. बराच वेळ खाली उभी राहून तिनं तो वाचला आणि मला म्हणाली, "काका, आता पोचायलाच हवं ना?"

आदल्या रविवारी तिनं आम्हाला गच्चीवर बसवून नियम सांगितले. "पाण्याचे स्टॉल त्यांचे असतात, तिथलंच प्यायचं. बाहेरच्या कुणाकडून मी काही घेतलं तर मी बाद. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तुम्ही फक्त टाळ्या वाजवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या सोसायटीत मान डोलावणं म्हणजे न ऐकणं, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

शर्यत गोराईच्या बाजूला होती. अंधारातच मिनी बस केली. लग्नाला निघाल्यासारखी सगळी मंडळी, चिवडा, सतरंजी, फ्लेक्सची गुंडाळी. पोहून आली तेव्हा सुलक्षणा शेवटच्या पाचसहांत होती. केसांतून वाळू गळत होती. आमच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सायकलचा रस्ता जिथं वळतो तिथं मी, धोंडिराम आणि चंपाबाई जाऊन उभे राहिलो.

तिथंच, आमच्यासमोर, केतन रस्त्याच्या कडेला बसला होता. अंधेरीचा हा पोरगेला इंजिनियर तिच्याबरोबरच सराव करायचा. सायकल अशी की नुसतं बघावं. पोटरीत गोळा आला होता आणि तोंड वेडंवाकडं झालं होतं. सुलक्षणा येताना दिसली तसा त्यानं हात वर केला.

"सुलक्षणाताई, जरा थांबा ना. दाबून द्या, तुम्ही देता तसं. वाट लागली यार."

तिनं ब्रेक मारला. एक पाय जमिनीवर टेकला. मी मनात म्हटलं, संपलं. ती त्याच्या पोटरीकडे बघत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे. इतकं थकलेलं तोंड मी फक्त रात्रपाळीहून परतणाऱ्यांचं पाहिलं आहे. तिनं मागे वळून पाहिलं. आयोजकांचा मोटरसायकलवाला दुरून येत होता.

"मला जमणार नाही, केतन," ती म्हणाली. "मागून माणूस येतोय. पाय सरळ ठेव."

आणि गेली. वळणावर तिच्या सायकलचा तोल जरा गेला, मग सावरला.

"बघितलंत?" चंपाबाई म्हणाल्या. "माणूस तळमळतोय आणि ही चालली." त्यांच्या आवाजात रागापेक्षा आनंद जास्त होता. महिनाभराची बेगमी झाली होती.

धावायची पाळी आली तोवर ऊन चढलं होतं. धावणं म्हणायचं ते मोठ्या मनानं. ती पाय ओढत होती. शेवटच्या फेरीत दोरीच्या अलीकडे सुगंधाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर थर्मास. घरून कोकमाचं पाणी करून आणलं होतं, आणि थर्मासच्या झाकणात ओतून हात पुढे केला होता. वीस वर्षांत या बाईनं सुनेसाठी पेला उचललेला मी ऐकला नाही, आणि मी सगळंच ऐकतो.

"घे गो. घोटभर घे."

सुलक्षणा थांबली. ओठ पांढरे पडले होते. "आई, नको. बाद होईन."

"कोण बघता?"

खरंच कोणी बघत नव्हतं. पंच चार पावलांवर होता, पण धोंडिरामांनी मदत म्हणून त्याच्यासमोर फ्लेक्स उघडून धरला होता.

सुलक्षणा त्या झाकणाकडे बघत राहिली. तिला तहान किती होती ते दिसत होतं.

"नको आई."

"माझ्या हातचा नको झाला काय?"

"आज नको," ती म्हणाली आणि निघाली. सुगंधाबाईंचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

ती पोचली. वेळ संपायला थोडासाच अवकाश होता, माइकवाला वडापाव खात होता, त्यामुळे तिचं नाव कुणी पुकारलं नाही. गळ्यात पदक पडलं आणि ती वाळूत बसली. आम्ही धापा टाकत फ्लेक्स घेऊन गेलो. तिनं तो पुन्हा एकदा नीट पाहिला.

"काका, हा फोटो माझ्या आधार कार्डावरचा आहे?"

"हो. धोंडिरामांचा मात्र स्टुडिओतला आहे."

ती हसली, म्हणजे हसायला सुरुवात केली. पुरं करायची ताकद नव्हती.

परतताना बसमध्ये सुगंधाबाई पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसल्या. चंपाबाईंनी मला खुणेनं सांगितलं, आता घरी बघा.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो. निमित्त बीपीचं. ऊन चांगलं वर आलं होतं. बेल वाजवायच्या आतच दार किलकिलं झालं, सुगंधाबाई फटीत उभ्या.

"सुलक्षणा आहे का? जरा बीपी..."

"सून निजलेली आसा."

"अहो, दोन मिनिटांचं काम."

"एका दिवसान काय मरूचास नाय तुम्ही. मशीन आसा ना तुमच्या ड्रॉवरात? माका सगळा ठावक आसा."

त्यांच्या मागे स्वयंपाकघरात मार्तंड चहा गाळत होता, अर्धा कपात, अर्धा ओट्यावर. दाराशी वाळूनं भरलेले बूट होते. सुगंधाबाईंनी कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून दार लावलं.

खालच्या जिन्यात चंपाबाई बाही वर करून, शुगरसाठी तयारीनं येत होत्या.

"आहे का ती?"

"झोपली आहे."

"या वेळेला? म्हणजे घरात भांडण झालं."

मी कठड्याला धरून एक पायरी उतरलो. वर सगळं शांत होतं.

"असेल," मी म्हटलं. त्या बाही खाली करून परत फिरल्या, आणि मी ती बातमी दुरुस्त केली नाही.