खोडलेलं नाव

मृतांच्या स्मरणदिनी शहरातल्या छावणी भागात असलेल्या आमच्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेआधी मी दिवंगतांची नावं लिहून घेत असे. मग फादर ती यादी सगळ्यांसमोर वाचत. एका वर्षी देवगाव रंगारीहून एसटीनं एक म्हातारी आली. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, सासूचं सांगितलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत थांबली.

"अजून कुणी, मावशी?"

"माजा लेक. कामाला म्हणून गेला, लई वर्सं झाली. कागद नाय, निरोप नाय. समदे म्हणत्यात, गेला असंल. लिव्ह."

मी लिहिलं. तिनं एकदम माझा हात धरला.

"नगं, खोड! जित्ता असला तर?"

मी घाईत एकच रेघ मारली आणि यादी फादरांकडं गेली. त्यांची नजर अधू. ते वाचू लागले तसं मला आठवलं, रेघेखालचं नाव अजून वाचता येत होतं. ती पहिल्या बाकावर डोळे मिटून बसली होती. सासूच्या नावानंतर फादर अडखळले, त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि खोडलेलं नाव सोडून त्याच्या पुढचं वाचलं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "नाय ना घेतलं त्याचं नाव?"

"नाही घेतलं."

"मंग हाय तो," ती म्हणाली, आणि मी होकार द्यावा म्हणून माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.