खिळे किती खोल असतात

बोईसरला कारखाने भराभर उभे राहत होते, त्या वर्षांत मी पालघरजवळ एका लाकडाच्या वखारीत कामाला होतो. करवतीच्या पट्ट्याला धार लावायची, तुटला तर जोडायचा आणि ओंडका ट्रॉलीवर चढण्याआधी तो तपासायचा, हे माझं काम. कारखान्यांना माल भरायला खोकी लागायची, खोक्यांना आंब्याचं लाकूड चालायचं आणि हा आंबा बहुतेक रस्त्याकडेचा असायचा. रस्ते रुंद होत होते, झाडं पडत होती. असं झाड पन्नास वर्षं रस्त्याला उभं असलं की त्याच्या अंगात काय काय गेलेलं असतं ते बाहेरून कळत नाही. निवडणुकीच्या फलकांचे खिळे, दुकानाच्या पाटीचे, पंक्चरवाल्याने ट्यूब टांगायला मारलेला एखादा. झाड वाढतं, खिळ्यावर लाकूड चढतं आणि तो आत राहून जातो. धावत्या पट्ट्याला असा खिळा लागला की दात उडतात, कधी पट्टाच तुटून बाहेर येतो.

हे खिळे ओळखण्यात माझा हात धरणारा तिथं कोणी नव्हता. ओंडक्याचं कापलेलं तोंड मी ओल्या फडक्याने पुसायचो. आत लोखंड असलं तर आंब्याच्या लाकडात निळसर काळी रेघ उतरते. सालीवर कुठं गाठ आलीय का बघायचो, कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकायचो. ट्रकवाल्याला विचारायचो, झाड दुकानापुढचं का बांधावरचं? शेठ पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "हे आमचे डॉक्टर." ते मला आवडायचं. किती आवडायचं, हे तेव्हा माझं मलाही ठाऊक नव्हतं.

एका दिवाळीच्या आसपास एका आठवड्यात दोन पट्टे गेले. दोन्ही ओंडके मी तपासून सोडलेले. त्या आठवड्यात 'डॉक्टर' हा शब्द माझ्या कानावर आला नाही.

नेमका त्याच रविवारी माझा साडू घरी आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही सगळेच मूळचे साताऱ्याकडचे. मी लाकडात शिरलो आणि तो बोईसरच्या एका कारखान्यात मीटर, गेज दुरुस्त करायच्या खात्यात लागला. त्याच्या शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला असायचा आणि शर्ट संध्याकाळीही पांढरा असायचा. माझ्या नखांतला तेलाचा काळा दिवाळीच्या अंघोळीनेही जात नसे. सासूबाईंचा बंद पडलेला रेडिओ त्याने एकदा दहा मिनिटांत बोलता केला होता. त्यानंतर सासरी कोणतीही वस्तू बिघडली, की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे, धाकटे जावई आले की बघतील." मी शेजारीच बसलेलो असायचो.

रात्री जेवताना बायकोने विषय काढला. "भाऊजी, यांच्याकडं पट्टे तुटाय लागलेत. लाकडात खिळे निघतायत म्हणे."

मी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण उशीर झाला होता.

"मग मेटल डिटेक्टर करू की," साडू म्हणाला. "जुन्या ट्रान्झिस्टरचे पार्ट पडलेत माझ्याकडं. एक कॉइल गुंडाळायची, ती लाकडावरून फिरवायची. लोखंड आलं की आवाज बदलतो. साडूभाऊ, शेठना विचारून ठेवा."

मी विचारलं नाही. बायकोने दोनदा आठवण केली तरी विचारलं नाही. शेवटी तो स्वतःच पुढच्या रविवारी यंत्र घेऊन थेट वखारीत आला. रविवारी वखार चालूच असायची.

बांबूचा दांडा, वर प्लायवूडची पेटी, खाली परातीएवढी प्लायवूडची चकती आणि तिच्या कडेने गुंडाळलेली तांब्याची तार. सगळं सरसाने चिकटवलेलं. खिळे शोधणाऱ्या यंत्रात एकही खिळा नव्हता. शेठनी त्याच्यासाठी चहा मागवला, तो कपबशीतून आला. त्या वखारीत मला नऊ वर्षं झाली होती आणि माझा चहा काचेच्या ग्लासातून यायचा. इतकी क्षुल्लक गोष्ट, पण ती कपबशी मला अजून दिसते, निळ्या काठाची.

यंत्र सुरू केलं आणि ते जे ओरडायला लागलं ते थांबेचना. या ओंडक्यावर कुईं, त्या ओंडक्यावर कुईं. ट्रॉलीचे रूळ, हमालांच्या कमरेचे कोयते, सगळ्यांना ते दाद देत होतं. उलट मी एक उघडा खिळा ओंडक्यावर ठेवला, तेव्हा आवाजात फारसा फरक पडला नाही. हमाल हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

साडू मात्र खजील झाला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं. "कॉइल मोठी झाली. मोठी कॉइल लांबचं बघते, पण बारीक जिन्नस तिला नीट कळत नाही, आणि आजूबाजूचं लोखंडही ती ओढून घेते. लहान कॉइल बारीक खिळासुद्धा धरते आणि जागा नेमकी दाखवते, पण वरवरचाच. खिळ्यासारख्या वस्तूला कॉइलच्या रुंदीच्या निम्मी खोली धरा. म्हणजे किती रुंद घ्यायची ते खिळे किती खोल असतात त्यावर आलं." मग त्याने वही सरसावली. "ते तुमच्याइतकं कोण सांगणार? किती खोल असतात?"

मला उत्तर पाठ होतं. नऊ वर्षं मी फळ्यांतून खिळे उपटत होतो. रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यात खिळा तीन इंचांवर असतो, चारवर असतो, कधी त्याहूनही आत.

"वरच असतात," मी म्हणालो. "इंच, दीड इंच. फार तर दोन."

त्याने लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला त्याने बशीएवढी कॉइल आणली, चार इंची. तिने कमाल केली. पहिल्याच दिवशी एका ओंडक्यातून सात खिळे निघाले, सातही तिने बोट ठेवल्यासारखे दाखवलेले. त्यातले दोन मला दिसले नसते, हे मी मनात कबूल केलं आणि त्यामुळे आणखी जळलो. हमाल साडूला 'इंजिनेर' म्हणू लागले. शेठ घराकडच्या माणसांना बोलावून यंत्र दाखवू लागले. यंत्र वापरायचं माझ्याकडेच आलं. पण मी ते फिरवायला लागलो की लोक माझ्याकडे न बघता त्या चकतीकडे बघायचे. घरी बायको म्हणाली, "धाकटीचं नशीब बघा. किती हुशार माणूस मिळाला." ती सहज बोलली असेल. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही आणि कारण विचारल्यावर दाढ दुखतेय असं सांगितलं.

खोल खिळा एक ना एक दिवस येणार, हे मी जाणून होतो. त्या दिवसाची मी वाट पाहत होतो, हे लिहायला आज लाज वाटते, पण तसंच होतं.

तो ओंडका मासवणच्या बाजूने आला. ते झाड मी उभं पाहिलं होतं. गवताचे व्यापारी त्याच्या बुंध्याला लोखंडी हूक ठोकून त्यावर काटा टांगायचे आणि गवताचे भारे वजन करायचे. पुढं काटा गेला, हूक तुटला, त्याचा शेपटा आत राहिला. मी यंत्र चारी बाजूंनी फिरवलं. कुठं आवाज बदलला नाही. मग सवयीने ओंडक्याच्या तोंडापाशी उकिडवा बसलो आणि फडक्याने पुसलं. सालीपासून चांगली पाच बोटं आत निळसर काळी रेघ होती, अगदी स्पष्ट.

मी फडकं घडी करून खांद्यावर टाकलं आणि उठलो. मनात एकच विचार होता, आता कळेल सगळ्यांना. आज पट्टा जाईल आणि ती बशी शेठ स्वतः फेकून देतील.

करवत चालवणारे मिस्त्री बेटेगावचे होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ते ट्रॉलीपाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी बाजूला झालो. त्यांनी ट्रॉली पुढं घेतली.

तिसऱ्या फळीला खाडकन आवाज झाला. पट्टा तुटला, चाकावरून सुटला आणि मिस्त्रींच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत चाटून गेला. त्यांनी हात छातीशी धरला आणि ते भुशात खाली बसले. बनियन बघता बघता लाल झाली. मी पट्ट्याचा विचार केला होता, माणसाचा केलाच नव्हता. मीच त्यांना ट्रकमध्ये घालून पालघरला डॉक्टरकडे नेलं. सोळा टाके पडले. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "बोटा हलतात ना रे माजी?" हलत होती.

शेठ त्या संध्याकाळी साडूबद्दल नको नको ते बोलले. म्हणाले, खेळणं आणून ठेवलं वखारीत. हेच ऐकायची तर मी महिनाभर वाट पाहिली होती. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी मी मिस्त्रींना बघायला बेटेगावला गेलो. ते ओटीवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांच्या बायकोने गूळपाणी दिलं. मी इकडचं तिकडचं बोललो, मग म्हणालो, "त्या यंत्राने घात केला."

मिस्त्रींनी गळ्यातला हात सावरला. "यंत्र-बिंत्र आमी काय जानतो," ते म्हणाले. "तुमी तोंड पुसून बघितला, न काय बोलला नाय. म्हनून मी ट्रॉली सोडली. यंत्र काय रोज नवा येल. तुमी बघितला म्हंजे बघितला."

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की माझी नजर चुकली असावी. वखारीत माझी किंमत गेली म्हणून मी जळत होतो, आणि जो माणूस करवतीपुढे उभा राहायचा तो तर माझ्याच भरवशावर उभा होता.

"मला रेघ दिसली होती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "परत असा करू नका." एवढंच. बायकोला हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितला. तो चहा मी कसा प्यालो ते मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी सुट्टी घेऊन मी बोईसरला साडूच्या खोलीवर गेलो. पिशवीत फळ्यांचे तुकडे होते, एका कडेला साल आणि आत खिळ्यांची भोकं असलेले. पट्टा खराब करणारा खिळा निघाला की तो तुकडा मी कापून ठेवायचो, कधी शेठनी विचारलं तर दाखवायला. मेव्हणीने दार उघडलं. "दाजी, तुम्ही? ताई नाही आली?" साडू आत खाटेवर बसला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता. मला बघून तोच आधी बोलला, "साडूभाऊ, मिस्त्रींचा हात कसा आहे? माझं तिकडं यायचं धाडस होईना. चूक माझी. नुसतं विचारून भागवलं, चार फळ्या स्वतः मोजायला हव्या होत्या."

मी पिशवी खाटेवर उलटी केली. "मोज," म्हणालो. एरवी मी त्याला अहो-जाहो करायचो.

त्याने पट्टी काढली. तीन इंच. साडेतीन. सव्वाचार. तीन. प्रत्येक तुकडा मोजून तो बाजूला ठेवत गेला आणि मध्येच कुठंतरी त्याला कळलं. पट्टी हातात तशीच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. तू विचारलंस तेव्हाही होतं. आणि तो ओंडका जाताना मी रेघ बघितली होती."

"का पण?"

मी काय सांगणार? कपबशीचं सांगू, का सासूबाईंच्या रेडिओचं? मोठ्या माणसाच्या तोंडी ते शोभलं नसतं. मी म्हणालो, "तुझा हेवा वाटायचा." आत भांड्यांचा आवाज थांबला. मेव्हणीने ऐकलं असणार.

तो उठून खिडकीशी गेला, बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, "सव्वाचार म्हणजे नऊ इंच लागेल. रूळ आवाज देतील, तेव्हा ओंडका ट्रॉलीवर न तपासता लांब जमिनीवर तपासायचा. आणि नेमकी जागा धरायला बशी राहू दे. आधी ताट, मग बशी." त्याने मेव्हणीकडून जेवणाचं एक ताट मागून घेतलं, प्लायवूडवर उपडं ठेवलं आणि कडेने पेन्सिल फिरवली.

ते यंत्र पुढं आठेक वर्षं चाललं. ओंडके रुळांपासून दूर मातीत टाकून आम्ही तपासायचो. मोठी कॉइल सांगायची आत काही आहे, लहान सांगायची कुठं, आणि शेवटी मी तोंड पुसून बघायचो. मिस्त्री दीड महिन्याने कामावर आले. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, फक्त ट्रॉली सोडण्याआधी आता दरवेळी मोठ्याने विचारायचे, "सोडू काय?" आणि मी मोठ्याने हो म्हणेपर्यंत ट्रॉली हलवायचे नाहीत.

शेठना मी सांगितलं, खोली मी चुकीची सांगितली होती. मुद्दाम सांगितली होती, हे मात्र माझ्याच्याने सांगवलं नाही.

साडूने हे कुणालाच कळू दिलं नाही, मेव्हणीनेही नाही. सासरी गेलो की तो मला पाटावर आधी बसवायचा, पूर्वीसारखाच. पण आमच्या घरी तो वर्षभर आला नाही. बायको विचारायची, भाऊजी का येत नाहीत? मी म्हणायचो, ड्युटी असेल. एकदा तिने फारच धरलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. सूप खाली ठेवून ती इतकंच म्हणाली, "मी त्यांचं कौतुक करायचे तेव्हा तुम्ही दाढेचं नाव सांगायचा, ते हेच का?"

मी हो म्हटलं.

हेवा गेला का? नाही गेला. पुढं त्याला बढती मिळाली, त्याने बोईसरला स्वतःची जागा घेतली. त्या वास्तुशांतीला मी भिंतीच्या रंगात कुठं डाग राहिलाय का ते शोधत होतो. जेवायला बसलो, तेव्हा तो वाढायला आला. त्याने विचारलं, "साडूभाऊ, वरचं स्वयंपाकघर बघितलंत? दाराच्या चौकटीला कुठलं लाकूड वापरलंय ते सांगा बरं." मी जेवण झाल्यावर जाऊन बघितलं. सुताराने त्याला साग म्हणून भलतंच लाकूड घातलं होतं. या वेळी मी त्याला लगेच सांगितलं.