पंजाबरावांचा ओव्हरटेक

पंजाबरावांनी सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगमागे काढली. अकोला-परतवाडा, परतवाडा-अकोला. डोक्यावर पाटी: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. लोकांनी ती इमानानं पाळली. रिटायर झाल्यावर मग पोटात साठलेलं सगळं बोलणं भडाभडा बाहेर पडलं. समोरच्याचं ऐकायची सवय मात्र कधी लागलेलीच नव्हती.

शेजारचे नत्थुजी गुडघ्याचं ऑपरेशन करून आले. ओट्यावर टेकत म्हणाले, "पंजाबराव, लय ठणकते गा."

"हे तं काईच नाई! माहा मुतखडा पाह्यला असता तुमी..."

मुतखडा अंजनगावला उठला अन् परतवाड्याच्या डेपोत पडला, तोवर चहा संपला. नत्थुजी काठी टेकत उठले. "गुडघ्याचं सांगाले आलो होतो, तुह्या मुतखड्याचं आयकून चाललो." त्यानंतर ते ओट्यावर येईनासे झाले.

"कोणाचीच गोष्ट पुढं जाऊ देत नाई तुमी," बायको केशरबाई म्हणायची. "दिसली का मारला ओव्हरटेक." पंजाबराव हसायचे. त्यांना ती तारीफ वाटायची.

मग पोरीच्या लग्नाचं निघालं. प्रियदर्शनी अकोल्यातच एका दवाखान्यात नर्स. तिला पाहायला अचलपूरचा स्वप्निल आला, बँकेतला. पंजाबरावांशी त्याची गप्पांची अशी जुगलबंदी रंगली की पोहे प्लेटमध्येच गार झाले. रीतीप्रमाणे पोरा-पोरीला गच्चीवर बोलायला पाठवलं, चहापाणी झालं, पाहुणे गेले.

"पोरगं काय बोलकं हाय, बापा!" पंजाबराव खूश. "माह्या तोडीचं!"

प्रियदर्शनी कपबशा उचलत होती. "मले नाई जमत, बाबा."

"कावून?"

"असंच."

पुढचे काही दिवस तेच चाललं. पोरगी ड्यूटीवर जाई, येई, स्वयंपाकघरात आईशी कुजबुजे, अन् बाप दारात आला की माठातून पाणी काढू लागे. अचलपूरहून फोनावर फोन. काय सांगायचं त्यांना? दुसरं कोणी मनात आहे? दवाखान्यात काही झालं? पोरगी आपल्याला काही सांगत नाही, याचा पंजाबरावांना घोर लागला. शेवटी त्यांनी केशरबाईलाच धरलं.

"तिनं सांगू नोको म्हटलं," केशरबाई म्हणाली. "तुमी आपलंच चालू करसान म्हणून."

"सांग वं."

"पोरगं गच्चीवर निरा आपलंच बोललं. हिले एक गोष्ट इचारली नाई. खाली आली अन् मले म्हणे, आई, हा तं दुसरा बाबा हाय. इथून उठून तिथं जाऊन पुना तेच आयकू काय?"

पंजाबराव ओट्यावर जाऊन बसले. नत्थुजींची जागा रिकामीच होती. त्यांना आपली माय आठवली. कापूस वेचता वेचता ती गोष्ट सांगायची, अन् मागून पोरांचा हुंकारा आला नाही की जागच्या जागी थांबायची. म्हणायची, "हुंकारा नाई तं गोष्ट नाई." राजा जंगलात, राक्षस समोर, अन् माय गप्प! मग सगळी पोरं एकदम ओरडायची, "हाव, मंग?"

संध्याकाळी प्रियदर्शनी घरी आली. पंजाबरावांनी तिला खुर्ची सरकवली. "गच्चीवर काय झालं, माय? सांग. मी नुसता हुंकारा देतो."

तिनं आईकडं पाहिलं. आईनं स्वयंपाकघरातून कणीक मळता मळता मान हलवली.

"काई नाई, मी त्याले आमच्या वार्डातल्या बुडीचं सांगत होती. थे कोणाच्याच हातनं जेवे नाई..."

पंजाबरावांच्या घशाशी त्यांची स्वतःची आजी आली, दवाखान्यासकट. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं अन् दाढेखाली धरलं.

"हाव. मंग?"

"मंग काय, त्याची आजी सुरू झाली. थ्या आजीचं लग्न, आजीचं वावर, आजीची म्हैस."

केशरबाई फिसकन हसली. पंजाबरावही हसले, जरा ओशाळून. मग म्हणाले, "अन् थ्या बुडीचं काय झालं?"

प्रियदर्शनी बघतच राहिली. मग खुर्ची पुढं ओढून सांगू लागली. म्हातारी शेवटी जेवली, ती हिच्याच हातनं. काल स्वतःच्या पायानं घरी गेली. जाताना हिच्या हातात एक सीताफळ ठेवलं. सांगता सांगता पोरीचा चेहरा उजळत गेला. पंजाबरावांच्या छातीवरचा दगड उतरला. दुसरं काहीच नव्हतं, एवढंच होतं.

"अचलपूरले मी फोन करतो," ते म्हणाले. "पोरगी नाई म्हणते. बस, एवढंच बोलीन."

"तुमी? एवढंच?" केशरबाई म्हणाली, अन् तिघंही खळखळून हसले.

"बाबा," प्रियदर्शनीनं विचारलं, "तुमी आईले पाहाले गेले, तवा आई काय बोलली होती?"

पंजाबरावांनी तोंड उघडलं. अन् आठवेना. आपण काय बोललो, ते सगळं पाठ होतं. ते केशरबाईकडं वळले. "तू काय म्हणली होती वं?"

"इचारलं कोणं होतं मले?" कणकेचे हात परातीवर झटकत केशरबाई बाहेर आली अन् ऐसपैस बसली. "आता आयका. त्या दिवशी सकाळपासून मी..."

"हाव," पंजाबराव म्हणाले. "मंग?"